ठाणे-नवी मुंबईहून विमानाने जाताना: अंतर आणि वेळेचा खरा हिशेब कसा काढायचा

मुंबई ते दिल्ली विमानाने किती लांब, असं विचारलं की दोन आकडे लगेच समोर येतात: सुमारे १,१३९ किलोमीटर आणि सव्वादोन तास. पण ठाण्यातल्या कासारवडवलीहून निघून दुपारी दोन वाजता दिल्लीत करोलबागेत हजर व्हायचं असेल, तर घर किती वाजता सोडायचं हे त्या आकड्यांतून कळत नाही. पहिला आकडा एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या सरळ रेषेचा असतो. दुसरा आकडा विमान एका जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी थांबेपर्यंतचा. त्याच्या आधीचा आणि नंतरचा वेळ आपला आपणच काढायचा असतो, आणि तो बहुतेक वेळा उड्डाणापेक्षा जास्त निघतो. इथे दोन्ही हिशेब दिले आहेत: आधी हवेतला, मग जमिनीवरचा.

आधी विमानतळ पक्का करा

आता ‘मुंबई’ म्हणजे एकच विमानतळ राहिलेला नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचा कोड बीओएम, तर नवी मुंबईचा एनएमआय. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि प्रवासी विमानं २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. तिकीट शोधताना शहराचं नाव टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. स्वस्त दिसलं म्हणून बटण दाबण्याआधी हा तीन अक्षरी कोड वाचा.

पलीकडच्या टोकालाही हेच बघायचं. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि मोपा जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू आहे. पाळोळेला जाणाऱ्याने मोपाला उतरलं तर जवळजवळ सगळा गोवा आडवा येतो. वेंगुर्ल्याला जाणाऱ्यासाठी मात्र मोपाच बरा. दिल्लीच्या शोधात गाझियाबादचं हिंडनही दिसतं. पूर्व दिल्लीत जायचं असेल तर ते सोयीचं, गुरुग्रामला जायचं असेल तर मुळीच नाही.

बीओएमचं तिकीट असेल तर टर्मिनलही बघा. टी-१ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ अंधेरी पूर्वेला सहारकडे. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत, आणि एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटू शकतात. मागच्या वेळी जिथून गेलो तिथेच जायचं, असं गृहीत धरू नका.

सरळ रेषेतलं अंतर

एकदा स्वतः काढून पाहिलं की कुठल्याही साइटवरचा आकडा बरोबर की चूक हे चटकन कळतं. त्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११.२ किलोमीटर. दोन अक्षांशांमधला फरक ९.४८, त्याला १११.२ ने गुणलं की उत्तर-दक्षिण अंतर मिळतं: १,०५४ किलोमीटर. रेखांशाचं तसं नाही. विषुववृत्तापासून दूर जावं तसे रेखांश एकमेकांजवळ येतात, म्हणून तिथे आणखी एक गुणाकार लागतो: दोन्ही अक्षांशांच्या सरासरीचा कोसाइन. सरासरी २३.८३ अंश आणि तिचा कोसाइन ०.९१५. रेखांशांमधला फरक ४.२३, म्हणून ४.२३ गुणिले ०.९१५ गुणिले १११.२, म्हणजे ४३० किलोमीटर पूर्व-पश्चिम. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. उत्तर सुमारे १,१३९ किलोमीटर.

हाच हिशेब नवी मुंबईपासून केला (१८.९९ उत्तर, ७३.०७ पूर्व), तर उत्तर १,१४२ येतं. फरक अवघा तीन किलोमीटर. म्हणून बीओएम की एनएमआय हे ठरवताना हवेतलं अंतर विचारात घेण्याची गरजच नाही. ते ठरतं पूर्व द्रुतगती मार्गावर आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर.

या हिशेबात तीन ठिकाणी हमखास घसरायला होतं.

पहिली चूक अंश आणि मिनिटांची. विमानतळाच्या अधिकृत तक्त्यात दिल्लीचा अक्षांश २८ अंश ३४ मिनिटं असा लिहिलेला असतो. तो २८.३४ असा टाकायचा नाही. ३४ ला ६० ने भागा, ०.५७ येतं, म्हणून २८.५७. हे विसरलं तर उत्तर-दक्षिण अंतरातच पंचवीस किलोमीटरची तूट येते.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरची, आणि ती जास्त फसवी. सायंटिफिक कॅल्क्युलेटर डिग्रीऐवजी रेडियनवर असेल तर २३.८३ चा कोसाइन ०.९१५ ऐवजी ०.२६५ दाखवतो. मग अंतर येतं १,०६२ किलोमीटर. आकडा वेडावाकडा दिसत नाही, म्हणून शंकाही येत नाही. आधी ६० चा कोसाइन काढून बघा. ०.५ आला तर पुढे जा. एक्सेलमध्ये कोन मुळातच रेडियनमध्ये घेतला जातो, तिथे अंश आधी रेडियनमध्ये बदलून घ्यावे लागतात.

तिसरी चूक एककांची. विमानाच्या जगात अंतर नॉटिकल मैलात मोजतात, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. मुंबई-दिल्ली ६१५ नॉटिकल मैल, ७०८ मैल आणि १,१३९ किलोमीटर हे तिन्ही एकच अंतर. कुठे ६१५ दिसलं तर तो आकडा चुकलेला नाही, पुढचं एकक वाचायचं राहिलेलं असतं.

लांबच्या प्रवासाला हे सूत्र चालत नाही

वरची रीत पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट मानते. भारतात, फार तर दुबईपर्यंत, ती उत्तम चालते. मुंबई-दुबई तिने १,९२९ किलोमीटर येतं, आणि ते बरोबर आहे. लंडनला मात्र ती तोंडघशी पाडते. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणून फरक ७२.८७ अधिक ०.४५, म्हणजे ७३.३२ अंश. सपाट सूत्राने उत्तर येतं सुमारे ७,५६६ किलोमीटर. प्रत्यक्षात अंतर ७,२१२ च्या आसपास आहे. साडेतीनशे किलोमीटरची चूक म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचं उड्डाण.

लांबच्या अंतरासाठी गोलावरचं सूत्र वापरा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मुंबई-लंडनसाठी तो ०.२५६. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार: ०.१६९. दोन्हींची बेरीज ०.४२५. तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) घेतला की ६४.८६ अंश मिळतात, आणि त्याला १११.२ ने गुणायचं. मधल्या पायऱ्यांत आकडे पूर्ण ठेवा, दोन दशांशांवर तोडू नका, नाहीतर शेवटी पन्नासएक किलोमीटरचा फरक पडतो.

सगळ्यात जवळची ही वाट सपाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेली कमान दिसते. म्हणूनच विमानातल्या पडद्यावर आपण उगाच वळसा घेतोय असं वाटतं. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरलात तर तो त्याच कमानीवरून जाईल.

अंतरावरून वेळ

भारतात सगळ्यात जास्त दिसणारी ए-३२० आणि ७३७ जातीची विमानं वर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातात. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, जमिनीवर सरकताना तर फारच कमी. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, संरक्षण दलांची राखीव क्षेत्रं, उतरण्याआधीची वळणं यामुळे प्रत्यक्ष अंतर साधारण पाच ते दहा टक्के वाढतं. हे सगळं एकत्र धरून एक सोपा ठोकताळा आहे: किलोमीटरला ८०० ने भागा, आलेल्या तासांत ४० मिनिटं मिळवा.

दिल्लीसाठी १,१३९ भागिले ८०० म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं. अधिक चाळीस, दोन तास पाच मिनिटं. कंपन्या त्यावर आणखी थोडा वेळ टाकतात, कारण मुंबईत रांग लागते. नागपूर ६८३ किलोमीटर, ठोकताळ्याने दीड तास. कोलकाता १,६६५ किलोमीटर, पावणेतीन तास.

एटीआर ७२ सारख्या पंखेवाल्या लहान विमानाला हा ठोकताळा लावू नका. त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. तिथे ४८० ने भागा आणि पंचवीस-तीस मिनिटं मिळवा. कोल्हापूर हवाई अंतराने ३०९ किलोमीटर, म्हणून साधारण एक तास पाच मिनिटं. विमानाचा प्रकार तिकीट काढतानाच तपशिलात दिसतो. चार हजार किलोमीटरच्या वर सहसा मोठी विमानं असतात, तिथे ८५० ने भागा.

वारा

जाताना आणि येताना वेळ वेगळी का, हा प्रश्न दर हिवाळ्यात पडतो. उत्तर भारतावर हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा नवलाचा नाही. मुंबई-कोलकाता मार्गावर सरासरी ८० चाच वारा धरून बघा. जाताना ८३० अधिक ८०, म्हणजे ९१० चा वेग आणि हवेत एक तास पन्नास मिनिटं. येताना ७५० चा वेग आणि दोन तास तेरा मिनिटं. तेवीस मिनिटांचा फरक निव्वळ वाऱ्याने पडला. म्हणून परतीची वेळ जाण्याच्या वेळेवरून काढायची नाही. पश्चिमेकडे जायचं असेल तर, विशेषतः नोव्हेंबर ते मार्च, लांबच्या प्रवासाच्या ठोकताळ्यावर आणखी अर्धा ते पाऊण तास धरा.

हवाई हद्द बंद असण्याचाही परिणाम होतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना याचा मोठा फटका बसतो. मुंबई-दुबईची वाट मुख्यतः अरबी समुद्रावरून जाते, त्यामुळे तिला तितका नाही. युरोपला जाताना मात्र एकाच अंतरासाठी भारतीय आणि परदेशी कंपनीच्या वेळा वेगळ्या दिसू शकतात, त्याचं कारण हेही असतं.

तिकिटावरची वेळ म्हणजे नेमकी कुठली वेळ

तिकिटावर ९.३५ लिहिलं असेल तर ती विमानाने जमीन सोडण्याची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून मागे ढकललं जातं, ती वेळ. पोहोचण्याची वेळही चाकं टेकण्याची नसून विमान जागेवर जाऊन थांबण्याची असते. मधल्या वेळात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, तिथली रांग, आणि उतरल्यावर पुन्हा सरकत येणं हे सगळं धरलेलं असतं.

मुंबईत ही रांग मोठी असण्याचं कारण विमानतळाच्या रचनेत आहे. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. व्यवहारात एकीवरच सगळा भार पडतो. संध्याकाळी उतरणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात ते त्यामुळेच. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर डागडुजीसाठी एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या साधारण सहा तास, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर एकदा तपासा, कारण बंदच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांत गर्दी दाटते.

वेळापत्रकावर किती भरवसा ठेवायचा हे बघायला उत्तम साधन म्हणजे फ्लाइटरडार२४. उड्डाण क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांत ते विमान खरोखर किती वाजता सुटलं आणि टेकलं ते दिसतं. चार-पाच दिवस सलग पाऊण तास उशीर दिसला, तर तुमच्या दिवशीही तो धरून चाला. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची सकाळची विमानं धुक्यात अडकतात. महत्त्वाचं काम असेल तर आदल्या संध्याकाळी जाणंच शहाणपणाचं.

घर ते विमानतळ

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो, कारण इथे किलोमीटरला अर्थच नसतो. कासारवडवली ते टी-२ सुमारे तीस किलोमीटर. पहाटे साडेचारला पन्नास मिनिटं, सकाळी नऊला पावणेदोन तास, आणि मानपाड्याजवळ एखादा ट्रेलर बंद पडला तर त्याहून जास्त. त्यामुळे ‘आत्ता किती वेळ लागेल’ हे बघून काहीच कळत नाही. गूगल मॅप्समध्ये वाट दाखवल्यावर वरच्या तीन ठिपक्यांत निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ ठरवायची सोय आहे. तिथे प्रवासाचा खरा वार आणि टर्मिनलवर पोहोचायची वेळ टाका. उत्तर ‘१ तास ते १ तास ४५ मिनिटं’ असं आलं तर वरचाच आकडा घ्या.

नौपाडा, कोपरी, पाचपाखाडी या भागातल्यांना लोकल आणि मेट्रोचा रस्ता आता खरंच चांगला झाला आहे. ठाण्याहून जलद लोकलने घाटकोपर, सुमारे वीस मिनिटं. तिथून मेट्रो १ ने जागृतीनगर, असल्फा, साकीनाका आणि मग मरोळ नाका. मरोळ नाक्याला खाली उतरून भुयारी मेट्रो ३ धरायची. कफ परेडच्या दिशेने पुढचंच स्थानक टी-२ चं. टी-१ ला जायचं असेल तर त्यानंतर सहार रोड, आणि मग टी-१. वाटेतल्या चालण्यासकट स्टेशनपासून सव्वा तास धरा. यात वाहतूक कोंडी नाही, म्हणून हा सव्वा तास सहसा सव्वाच राहतो. दोन गोष्टी मात्र आडव्या येतात. एक, मध्यरात्री ते पहाटे मेट्रो नसते, म्हणजे सकाळी सातच्या आतलं विमान या वाटेने साधत नाही. दुसरी घाटकोपरची. सकाळी साडेआठ ते दहा रेल्वेच्या पुलावरून मेट्रोकडे जाणारी गर्दी अशी असते की पाठीवरची एक सॅक ठीक, पण चाकांच्या दोन बॅगा घेऊन तिथे शिरू नये. रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. माटुंगा-मुलुंड दरम्यान ब्लॉक असला की गाड्या दुसऱ्या मार्गावर वळवतात आणि दहा-पंधरा मिनिटं जातात.

घोडबंदर रोडवाल्यांचा प्रश्न वेगळा. ठाणे स्टेशन गाठायलाच अर्धा-पाऊण तास जातो, त्यामुळे मेट्रोचा फायदा निम्मा संपतो. गर्दीच्या वेळेआधी निघता येत असेल तर गाडीने पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता बरा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे मुलुंडच्या नाक्यावर पैशांसाठी थांबावं लागत नाही.

नवी मुंबई विमानतळाकडे ठाण्याहून जायचं तर ठाणे-बेलापूर रस्ता, पुढे उरण फाटा आणि आम्र मार्गाने उलवे. ठाणे स्टेशनपासून सुमारे बत्तीस किलोमीटर. इथे खरी अडचण सुरुवातीच्या चार किलोमीटरांत आहे: कळवा नाका आणि विटावा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी तुंबतं. त्या दिवशी मुलुंडच्या बाजूने ऐरोली पुलावरून जा, लांब पडलं तरी वेळ वाचतो. एकदा रबाळे मागे पडलं की रस्ता मोकळा मिळण्याची शक्यता जास्त. रेल्वेने जायचं तर ट्रान्स-हार्बरने नेरूळ किंवा बेलापूर आणि तिथून बस किंवा टॅक्सी. नवी मुंबई मेट्रो बेलापूर ते पेंधर धावते, ती विमानतळावर जात नाही. नावावरून अनेकांचा गैरसमज होतो.

आमचं मत असं: वाशीपासून दक्षिणेला, म्हणजे सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेलला राहणाऱ्यांनी एनएमआयवर विमान मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्यावं. ऐरोली-घणसोलीकरांना दोन्ही जवळजवळ सारखे, तिथे विमानाची वेळ आणि भाडं बघून ठरवा. ठाणे शहरातून मात्र अजून बीओएमच बरं पडतं, पण सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान घर सोडायचं असेल तर नवी मुंबईचा विचार जरूर करा. त्या वेळेत मुंबईच्या दिशेने जाणारा लोंढा टळतो.

दिल्लीचा पूर्ण हिशेब, शेवटाकडून सुरुवातीकडे

वेळ नेहमी उलटी मोजायची. करोलबागेत दुपारी दोनला हजर व्हायचं आहे, हाताशी पाऊण तास राखून.

दिल्लीच्या टी-३ वरून करोलबाग टॅक्सीने पन्नास मिनिटं. त्याआधी विमानातून उतरणं, चालणं आणि बॅग मिळणं, तीस मिनिटं. टी-३ मोठं आहे, चालण्यातच दहा मिनिटं जातात. समजा ११.५० ला पोहोचणारं विमान घेतलं, तर बाहेर पडायला १२.२० आणि करोलबागेत १.१०. हे विमान मुंबईहून ९.३५ ला सुटतं असं धरू. देशांतर्गत प्रवासात बहुतेक भारतीय कंपन्यांचे बॅग घेणारे काउंटर ६० मिनिटं आधी बंद होतात, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. म्हणजे ८.३५ आणि ९.१०. तुमच्या कंपनीचा नेमका नियम तिकिटावर छापलेला असतो, तो वाचा. बॅग द्यायची असेल तर टर्मिनलच्या दारात ७.५० ला हवं. फक्त हातातली बॅग, वेब चेक-इन झालेलं आणि डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) चालू असेल तर सव्वाआठही चालेल. कासारवडवलीहून १ तास ४५ मिनिटं धरली की घर सोडायचं ६.०५ ला.

एकूण सात तास पाच मिनिटं. त्यात विमान हवेत असतं ते साधारण पावणेदोन तास. सरासरी वेग निघतो ताशी १६० किलोमीटर, आणि कुठल्याही दुसऱ्या साधनाशी तुलना याच आकड्याची करायला हवी.

नागपूरचंच घ्या. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, आणि आमणे भिवंडीजवळ असल्याने ठाणेकराला तो दारातच मिळाला. गाड्यांना वेगमर्यादा ताशी १२०, घाटात १००. जेवणखाण आणि विश्रांतीसकट घरापासून साडेआठ ते नऊ तास धरा. विमानाने: घर ते टर्मिनल दीड तास, तिथे दीड तास, विमान दीड तास, उतरून शहरात जायला पाऊण तास. सव्वापाच तास. एकट्याला विमान, चौघांच्या कुटुंबाला सामानासकट गाडी, असा निवाडा करायला हरकत नाही.

परदेशात: घड्याळ आणि तारीख

दोन शहरांच्या वेळा सरळ वजा केल्या की उत्तर चुकतं. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून १० ला सुटून दुबईत ११.४५ ला पोहोचणारं विमान पावणेदोन तासांचं वाटतं. ११.४५ मध्ये दीड तास मिळवा, भारतात १.१५ वाजले आहेत, म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. सिंगापूर अडीच तास पुढे. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच. या दोन रविवारांच्या आसपास प्रवास असेल तर पुढच्या विमानाची वेळ पुन्हा तपासा.

मुंबईहून बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि इथे तारखेचा घोळ होतो. तिकिटावर १५ तारीख, ००.४० असं असेल तर घर १४ तारखेच्या रात्री सोडायचं आहे. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन चोवीस तास झालेले असतात. कॅलेंडरमध्ये उड्डाणाची नोंद न करता ‘१४ तारीख, रात्री ८, घर सोडणे’ अशी नोंद करा. आंतरराष्ट्रीय काउंटर तास ते सव्वा तास आधी बंद होतात आणि इमिग्रेशनची रांग वेगळी, म्हणून टर्मिनलवर तीन तास आधी.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे

सरळ रेषेत बीओएम आणि एनएमआय यांच्यात सुमारे चोवीस किलोमीटर आहेत, रस्त्याने त्याच्या दीडपट धरा. नागपूरहून एनएमआयला उतरायचं आणि बीओएमवरून दुबईचं विमान पकडायचं, अशी जोडणी स्वस्त दिसते. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, आणि बॅगही आपोआप पुढे जात नाही. ती घ्यायची, मानखुर्द-चेंबूरमार्गे शहर ओलांडायचं, पुन्हा द्यायची. उतरण्यापासून बॅग हातात येईपर्यंत चाळीस मिनिटं, रस्ता दीड ते दोन तास, आणि आंतरराष्ट्रीय विमानाआधीचे तीन तास: किमान साडेपाच तासांचं अंतर ठेवा, पावसाळ्यात सात. तेवढं अंतर मिळत नसेल तर दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्या आणि शक्यतो एकाच तिकिटावर.